गाडीच्या काचेतून काय दिसतं? एका परखड प्रतिक्रियेला उत्तर

मनाली-लेह रस्त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: दिवसभर गाडी हाकून प्रदेश कळत नाही, तो पायी चालणाऱ्यालाच कळतो. चालणं जमत नसेल तर विमानाने जावं आणि चार दिवस एका जागी राहावं. वाटेवरच्या जिस्पा गावाहून लेह एका दिवसात गाठणं ही निव्वळ किलोमीटरची हाव आहे. आणि असले लेख वाचून नाजूक प्रदेशात गाड्यांची झुंबड उडते. तुम्ही लाहौलमधल्या दारचा गावाहून झांस्करमधल्या पदुमपर्यंत पायी गेला होतात, आता ‘शिंकू ला’वर (‘ला’ म्हणजे खिंड) रस्ता झाल्याने ती वाट गेली, हेही तुम्ही दुःखाने लिहिलंय.

चार दिवस लेहमध्ये राहिलं तर लेह कळेल, यात शंका नाही. पण लेह इतकं कोरडं का, हे लेहमध्ये बसून दिसत नाही. ते रस्त्यावर दिसतं. मनालीच्या बाजूला देवदार, ओली माती, डोंगराला टेकलेले ढग. अटल बोगदा जेमतेम ९ किलोमीटरचा, पण पलीकडे लाहौलमध्ये बाहेर पडलं की झाडं बहुतेक नदीकाठी आणि शेतांच्या कडेला उरतात, वरचे उतार उघडे. मोसमी वाऱ्यांनी आणलेलं बरंचसं पाणी बोगद्यावरच्या पीर पंजाल डोंगररांगेच्या अलीकडेच पडून गेलेलं असतं. बारालाचा ला ओलांडून सरचूला पोचेपर्यंत गवतही विरळ होतं. पुढे ४,७०० मीटरच्या आसपासचं मोरे मैदान, मग ५,३०० मीटरहून उंच तांगलांग ला, आणि उतरून उपशीला सिंधू. तिथे पुन्हा हिरवं दिसतं, पण पाटाचं पाणी पोचतं तेवढ्याच पट्ट्यात. त्या पट्ट्याच्या कडेला एक पाऊल पलीकडे टाकलं की वाळू आणि दगड. पर्जन्यछाया शाळेत एका आकृतीत शिकवतात. इथे ती सलग, एकही पान न गाळता समोर येते. विमानातून ती तासाभरात मागे पडते आणि मधलं सगळं हातातून निसटतं.

मला लांब रस्त्यांची ओढ आहे ती या सलगपणासाठी. काराकोरम महामार्गावर जगलोटजवळ गिलगिट नदी सिंधूला मिळते, तिथे हिमालय, काराकोरम आणि हिंदुकुश समोरासमोर उभे असतात. पण त्याआधी सिंधूच्या घळीतून तासन्‌तास वर आल्याशिवाय त्या जागेचं वजन कळत नाही.

वाळवंटात तर चालण्याचा आग्रह मला पटतच नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयर महामार्गाचा १४६.६ किलोमीटरचा एक तुकडा एकही वळण न घेता जातो. रोज तीस किलोमीटर चालणाऱ्याला पाच दिवस लागतील. उन्हात माणशी रोज किमान चार-पाच लिटर पाणी धरा, म्हणजे पाठीवर वीस-पंचवीस किलो नुसतं पाणीच. त्यातून मदतीला मागे गाडी ठेवायची, तर ती गाडी आलीच. आणि ज्यांचे गुडघे गेलेत, जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांचं काय? त्यांनी हे अफाट मोकळेपण पाहूच नये, असं तुम्हालाही म्हणायचं नसेल.

चालवणारा काचेआड सुरक्षित बसून असतो, हेही खरं नाही. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो. टर्बो नसलेलं इंजिन चढावर धापा टाकतं आणि चालवणाऱ्याला स्वतःच्या छातीतही तेच जाणवतं. उतरताना गिअर खालचा ठेवावा लागतो, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात. दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे. वाळूत टायरमधली हवा कमी करावी लागते. जमीन क्षणोक्षणी काय सांगतेय ते ऐकल्याशिवाय तिथे गाडी चालवताच येत नाही.

आता जिस्पा ते लेह. तीनशेहून अधिक किलोमीटर एका दिवसात, हे वाचून हाव वाटावी हे मी समजू शकतो. कारण मात्र उंचीचं आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा साधा वैद्यकीय नियम आहे. मनाली दोन हजारांवर, सरचू ४,२०० च्या वर. मनालीहून निघून त्याच रात्री सरचूला तंबूत झोपणारे पुष्कळ आहेत, आणि डोकं फुटायची वेळ येते ती तिथेच. जिस्पा ३,२०० च्या आसपास, लेह ३,५००. म्हणून जिस्पाला दोन रात्री थांबायचं, पहाटे निघायचं, आणि मधल्या उंच टप्प्यात कुठेही न झोपता लेहला उतरायचं. कुणाला उलट्या होऊ लागल्या, तोल जाऊ लागला, तर मात्र बेत विसरून ताबडतोब खाली. सरळ विमानाने साडेतीन हजारांवर उतरणाऱ्यालाही पहिले दोन दिवस पडून राहावंच लागतं. शरीराला हळूहळू उंचीवर नेण्याची सोय रस्ताच देतो.

गाड्यांच्या झुंबडीबद्दल मात्र मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. मोकळं मैदान दिसलं की रस्ता सोडून गाडी उधळायची, तळ्याच्या काठापर्यंत चाकं न्यायची, याचा मला संताप येतो. वाळवंटाची जमीन मेलेली नसते. अनेक ठिकाणी वरचा पातळ थर सूक्ष्मजीव आणि दगडफुलांनी बांधलेला असतो. तोच वाळू धरून ठेवतो, आणि एकदा मोडला की भरून यायला दशकं लागतात. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव झाला, त्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. लडाखच्या चांगथांग पठारावर त्सो कार तळ्याच्या दलदलीत काळ्या मानेचा क्रौंच घरटं करतो. तिथे काठाशी खाजगी गाड्यांना सक्त बंदी असावी, ही तुमची मागणी मला शंभर टक्के मान्य आहे.

शिंकू लाच्या बाबतीत मात्र मी तुमच्यासोबत हळहळू शकतो, विरोध करू शकत नाही. झांस्करच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून चालत बाहेरचं जग गाठलंय. आजारी माणसाला वेळेत खाली नेता येणं त्यांच्यासाठी काय आहे, हे आपल्यासारख्या चार दिवसांच्या पाहुण्यांनी ठरवायचं नाही. पण जुनी पायवाट कशी होती, कुठे मुक्काम पडायचा, कुठल्या ओढ्याने अडवलं, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि नव्या रस्त्याने जाणाऱ्यांना नाही. तुम्ही ते सविस्तर लिहून पाठवलंत तर मी ते या लेखाच्या वर, सगळ्यात आधी लावीन.