आइसलंड, डिसेंबर, सात दिवस: सगळं बसतं!

आधी एक्सेल उघडा. व्हिसा, तिकिटं, थर्मल वगैरे किरकोळ गोष्टी नंतर बघू, आइसलंडची ट्रिप खरी एक्सेलमध्येच होते आणि माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात छान तिथेच होते. डावीकडे तारखा घाला, वर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन कॉलम पाडा. महिना डिसेंबर. लोक सांगतील की अहो जूनमध्ये जा, तेव्हा धड रात्रच होत नाही, रस्ते उघडे असतात, सगळीकडे हिरवंगार असतं. दुर्लक्ष करा. त्या लोकांना नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्री आकाशात हलणारे ते हिरवट उजेडाचे पडदे, दिसलेले नसतात. आपल्यालाही दिसणार नाहीयेत, पण ते नंतर.

आता गणित करू. देशाला गोल वळसा घालणारा एक रस्ता आहे, रूट १, सगळे त्याला रिंग रोड म्हणतात, लांबी साधारण १३०० किलोमीटर. त्याला सातने भागा. दिवसाला १८५ च्या आसपास येतात. स्पीड लिमिट ९० ची, म्हणजे दोन तास गाडी चालवायची आणि उरलेला दिवस आपल्या बापाचा. इतकं सरळ आहे, तरी काही लोक हिवाळ्यात रिंग रोडच करू नका म्हणतात, दक्षिणेकडेच राहा म्हणतात. त्यांना भागाकार येत नसावा.

'उरलेला दिवस' म्हणजे किती, तेवढं फक्त बघून ठेवा. २१ डिसेंबरला राजधानी रेक्याविकमध्ये सूर्य सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. चार तास आणि वर काही मिनिटं. उत्तरेला अकुरेरीत त्याहून कमी. आणि उगवतो म्हणजे काय, तर क्षितिजाच्या वर जेमतेम अडीच-तीन अंश येतो, मन मोडू नये म्हणून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा दारातूनच तोंड दाखवतो, आणि जेवायला न थांबता निघतो. पण फायदा बघा ना, सूर्योदयाच्या फोटोसाठी पहाटे उठायची कटकट नाही, नाश्ता करून, अंघोळ करून, दुसरा चहा घेऊन, बायकोशी एक भांडण उरकून निघालात तरी सूर्य तुमच्या आधी पोचत नाही. ढग असले तर तोही प्रश्न मिटला.

गाडी. सगळ्यात छोटी आणि सगळ्यात स्वस्त घ्यायची. फोर व्हील ड्राइव्ह घाबरट लोक घेतात. हिवाळ्यात गाड्यांना खिळे मारलेले टायर असतात, बर्फावर घट्ट धरतात, कोरड्या रस्त्यावर कडकड वाजतात, पहिल्या दिवशी आम्ही दोनदा उतरून बघितलं की काय तुटलं. काउंटरवर इन्शुरन्सची यादी पुढे येते. खडी उडून काच फुटली तर एक इन्शुरन्स. वाळू आणि राखेचा वेगळा. आमचे साडूभाऊ दचकले, म्हणाले राख? कोणाची? ज्वालामुखीची हो, २०१० साली एयाफ्यात्लायोकुल फुटला तेव्हा अर्ध्या युरोपची विमानं जमिनीवर होती, त्या जातीची. वाऱ्याबरोबर वाळू आणि राख उडायला लागली की गाडीचा रंग पॉलिश पेपरने घासल्यासारखा निघतो. साडूंनी मान डोलावली आणि सगळे इन्शुरन्स घेतले. फार समाधानी दिसत होते.

वाऱ्याचा अंदाज तिथे मीटर प्रति सेकंदात देतात. हे तुम्ही लक्षात ठेवू नका, मजा जाते. तिसऱ्या दिवशी अंदाजात २२ आकडा होता, साडू म्हणाले बावीसच ना, बावीस काय वारा असतो, आमचा टेबल फॅन बरा. तो आकडा ३.६ ने गुणायचा असतो, म्हणजे ताशी जवळजवळ ८० किलोमीटर, ही माहिती त्यांना एका पेट्रोल पंपावर मिळाली, गाडीचं दार उघडल्यावर. दार त्यांच्या हातात होतं, मग नव्हतं. ते पुढच्या बाजूला, जिथे दारांनी जायचं नसतं तिथे गेलं, पत्र्याला पत्रा लागल्याचा आवाज झाला, डॅशबोर्डवरच्या सगळ्या पावत्या, टिश्यू, साडूंची कानटोपी आणि माझी लॅमिनेट केलेली एक्सेलशीट अशी एका रांगेत अटलांटिककडे रवाना झाली. दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं, गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावायची, हे सांगणारा स्टिकर होता की. दाराच्या आतल्या कडेला. पण तो वाचायला दार उघडावं लागतं.

इन्शुरन्सचं विचारताय? खडी होती, वाळू होती, राख होती. दार नव्हतं. वाऱ्याने निखळलेलं दार आमच्या करारात बारीक अक्षरात वगळलेलं होतं. पुढचे चार दिवस ते मेव्हणीच्या ओढणीने आतून बांधलेलं होतं आणि साडू रोज दुसऱ्या बाजूने शिरून गियरवरून सरपटत ड्रायव्हरच्या सीटवर जायचे, बासष्ट वर्षांचा माणूस, दोन जॅकेट घालून. आम्ही कोणी हसलो नाही. म्हणजे त्यांच्यासमोर नाही.

गोल्डन सर्कल, म्हणजे रेक्याविकजवळच्या ठरलेल्या ठिकाणांची फेरी, अर्ध्या दिवसात उरका. थिंगवेतलिर इथे ९३० साली त्यांची संसद उघड्यावर भरायला लागली, म्हणजे बसायला खुर्च्या नसतानाही सभा चालवता येते. उत्तर अमेरिका आणि युरेशिया ज्यांवर बसलेत त्या जमिनीच्या दोन प्लेट इथे एकमेकींपासून वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर लांब जातात, तेव्हा जायचंय तर लवकर जा, नंतर अंतर वाढेल. पुढे स्ट्रोक्कुर नावाचा गरम पाण्याचा फवारा, सहा ते दहा मिनिटांनी एकदा उडतो. हे ऐकायला कमी वाटतं. हातमोजा काढायचा, मोबाईल धरायचा, मिनिट होतं, दोन होतात, बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची कळेनासं होतं, पाण्यावर तो निळसर फुगा येतो आणि बसतो, परत येतो आणि बसतो, थंडीने बॅटरी ४० टक्क्यांवरून एकदम बंद पडते, तुम्ही हातमोजा घालायला मान खाली घालता, आणि तेव्हा उडतो. माझ्याकडे त्याचे अकरा व्हिडिओ आहेत, सगळ्यात लोकांचा 'ओऽऽ' असा आवाज आहे आणि माझे बूट आहेत.

पफिन बघायचाच असं ठरवून जा. लाल-केशरी चोचीचा तो गोंडस पक्षी, ज्याचे मॅग्नेट, मोजे, उशा सगळ्या दुकानात आहेत. खरा पफिन साधारण एप्रिल-मेमध्ये येतो आणि उन्हाळा संपला की समुद्रावर निघून जातो. डिसेंबरात तो तिथे नसतो, आपण असतो. यावरून कोणाला जास्त अक्कल आहे यावर मेव्हणीने गाडीत एक मत मांडलं, ते इथे देत नाही. लांडमन्नालोयगारचे रंगीत डोंगर, आस्क्याचं विवर, हे पण शीटमध्ये घाला, तिकडे जाणाऱ्या एफ नावाच्या डोंगरी रस्त्यांवर हिवाळ्यात आपल्या भाड्याच्या गाडीला प्रवेश नसतो, पण सेल भरलेला दिसतो.

रेनिसफ्यारा. काळ्या वाळूचा किनारा, बेसॉल्टचे खांब, फोटो अप्रतिम येतात. सल्ला असा द्यायचा असतो की समुद्राकडे पाठ करून उभं राहा म्हणजे बॅकग्राउंड छान मिळेल. नाही, हा एक सल्ला मी उपरोधानेसुद्धा देणार नाही. दहा लाटा शहाण्यासारख्या येतात आणि अकरावी थेट तुमच्या कमरेपर्यंत येऊन पाय ओढते, माणसं गेली आहेत तिथे, सूचनेचे दिवे लावलेत, फलक आहेत, आणि तरी आमच्यासमोर एक जोडपं फलकाला टेकून फोटो काढून पुढे पाण्याकडे गेलं. लांबून बघा आणि या. झालं, परत चेष्टेवर येतो.

रस्ते बंद होण्याचं. तिथली रस्त्यांची वेबसाइट आहे, मिनिटामिनिटाला नकाशा बदलतो, लाल म्हणजे बंद. हवामान खातं पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. पिवळा आला की तो आपल्याला लागू नाही असं समजायचं, नारिंगी आला की तो लोकल लोकांसाठी आहे म्हणायचं आणि लाल आला की गेस्टहाऊसच्या मालकिणीशी वाद घालायचा, की पुढच्या हॉटेलचे पैसे भरलेत आम्ही. आम्ही घातला. विक गावात, चौथ्या दिवशी. बाई शांतपणे म्हणाल्या, रस्ता बंद आहे. साडू म्हणाले, पण आम्हाला योकुल्सारलोनला पोचायचंय, हिमनग बघायचेत, बर्फाची निळी गुहा बुक आहे. बाई म्हणाल्या, हो, रस्ता बंद आहे. किती वाजता उघडेल? बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. खिडकीत बाहेर असं काही नव्हतंच, नुसतं पांढरं. मग त्यांनी तिथलं ते प्रसिद्ध वाक्य टाकलं, थेट्टा रेड्डास्ट, म्हणजे होईल सगळं नीट. पिढ्यान्‌पिढ्या ज्वालामुखी आणि समुद्र सोसलेल्या लोकांचं वाक्य आहे ते. साडूंना वाटलं अर्ध्या तासात उघडेल.

दोन दिवस. दोन दिवस आम्ही चौघं त्या खोलीत रमी खेळलो.

आता इथे एक जबरदस्त सोय आहे ती सांगतो. बॅरिअर ओलांडून तसेच पुढे जा, गाडी बर्फात रुतू द्या, मग ११२ हा मदतीचा नंबर फिरवा. तुम्हाला काढायला जी माणसं येतात ती बहुतेक पगारी नसतात, स्वयंसेवक असतात, गावातलाच कोणी सुतार, कोणी मास्तर, कोणी मासेमारीवाला, जेवणाच्या ताटावरून उठून मोठ्या चाकांची जीप घेऊन रात्री निघतो. त्यांच्या पथकांचा मोठा खर्च नववर्षाच्या फटाक्यांच्या विक्रीतून निघतो. म्हणजे लोक ३१ डिसेंबरला फटाके उडवतात आणि त्या पैशातून तुमची छोटी स्वस्त गाडी खड्ड्यातून निघते. आमच्या गेस्टहाऊसमध्ये रात्री असं एक कुटुंब आणून सोडलं, त्यांच्याकडेही एक्सेल होती. आमच्यापेक्षा चांगली होती, कलर कोडिंग वगैरे.

तिथल्या पोहण्याच्या तलावांना जरूर जा, गरम पाणी, वरून बर्फ पडतोय, स्वर्ग. फक्त आत शिरायच्या आधी साबण लावून अंघोळ करावी लागते आणि ती करताना अंगावर काही म्हणजे काहीही ठेवायचं नसतं, कुठे कुठे साबण लावायचा त्याचं चित्रसुद्धा भिंतीवर असतं. साडू पंचाखाली कसरत करत होते, एका आजोबांनी येऊन फक्त चित्राकडे बोट दाखवलं. ब्लू लगून, ते निळ्या गरम पाण्याचं प्रसिद्ध तळं, परवडत असेल तर करा, कॅप्शनमध्ये निसर्गाचा चमत्कार लिहा, ते पाणी शेजारच्या स्वार्टसेंगी वीज केंद्रातून बाहेर पडलेलं आहे हे लिहू नका. २०२३ च्या शेवटापासून त्या भागात ज्वालामुखी अधूनमधून फुटतोय, तेव्हा बुकिंग केलं म्हणजे ते उघडं असेल असं नाही.

आणि नॉर्दर्न लाइट्स. अंदाज शून्य ते नऊ असा देतात. आकडा मोठा आला की नाचायला सुरुवात करा, ढगांचा नकाशा अजिबात बघू नका. लाइट्स शंभर किलोमीटर उंचीवर असतात आणि ढग आपल्या डोक्यावर, एवढंच. आमच्या पहिल्या रात्री मेव्हणी ओरडली, ते बघा! खरंच, डोंगराच्या कडेला आकाशभर पिवळट-नारिंगी उजेड. गाडी थांबवली, उणे सहामध्ये उभे राहिलो, चाळीस फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले, मामींचे हात जोडलेले इमोजी आले. तो टोमॅटोच्या ग्रीनहाऊसचा उजेड होता. जमिनीतल्या गरम पाण्यावर आणि दिव्यांवर तिथे वर्षभर टोमॅटो पिकवतात. ग्रुपवर अजून कोणाला सांगितलेलं नाही.

सातव्या दिवशी पहाटे परत केफ्लाविक विमानतळ. रिंग रोडच्या १३०० पैकी आमचे १९० किलोमीटर झाले होते, तेच परत आले म्हणून ३८०. दाराचे पैसे भरले, आकडा सांगत नाही. विमान अंधारातच सुटलं, ढगांच्या वर आलं, साडू तोंड उघडं टाकून झोपलेले, ही झोपलेली, मेव्हणी झोपलेली. माझ्या पलीकडे खिडकीत एक अनोळखी बाई बसलेल्या, त्यांच्या खांद्यावरून मला बाहेर काहीतरी हिरवं हलताना दिसलं, पडदा झटकावा तसं, एकदा, मग परत. मी साडूंना कोपर मारणार इतक्यात बाईंनी खिडकीचं शटर खाली ओढलं आणि डोळे मिटून घेतले.

मी फोन काढला, शीट उघडली आणि 'नॉर्दर्न लाइट्स' समोरचा सेल हिरवा करून टाकला.