'कॅलॅमिटस' फक्त दुष्काळापुरता नाही

सोलापुरातल्या स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर शब्दार्थाचा एक मेसेज फिरतो आहे. त्यातले दावे असे: 'कॅलॅमिटस' (calamitous), म्हणजे घोर संकटाचा, हा इंग्रजी शब्द लॅटिन 'कॅलॅमस' म्हणजे पिकाच्या ताटावरून आला, म्हणून तो दुष्काळ, गारपीट, पूर अशा नैसर्गिक संकटांनाच लावायचा, माणसाच्या करणीला नाही, आणि त्याच्या जागी 'कॅटॅस्ट्रॉफिक' (विनाशकारी) कुठेही चालतो.

ताटाची कहाणी जुनी आहे. लॅटिन 'कॅलॅमस' म्हणजे बोरू, धान्याचं ताट, इथपर्यंत बरोबर. अरबीतून आलेली आपली 'कलम'ही त्याच गोतावळ्यातली. सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत फ्रान्सिस बेकननेही लिहिलं की अवर्षणात कणीस ताटाबाहेर पडत नाही, त्यावरून 'कॅलॅमिटास' (संकट) हा लॅटिन शब्द आला, ज्यातून पुढे इंग्रजी 'कॅलॅमिटी' आणि 'कॅलॅमिटस' झाले. मंगळवेढ्याच्या शाळूवाल्याला हे चटकन पटेल. पोटरीत असताना पाणी तुटलं की ज्वारी नीट निसवत नाही, कणीस आतच अडकतं. पण आजचे अभ्यासक या व्युत्पत्तीवर भरवसा ठेवत नाहीत. 'इन्कोलुमिस', म्हणजे इजा न झालेला, या लॅटिन शब्दाशी 'कॅलॅमिटास'चं नातं असावं असं ते मानतात.

आणि ताटाची गोष्ट खरी धरली तरी काय? 'तेल' तिळावरून आलं, म्हणून करडईच्या तेलाला कुणी दुसरं नाव शोधत नाही.

दुसरा दावा तर सरकारी कागदच खोडतो. 'नॅचरल कॅलॅमिटी' असं लिहितात ते का? कॅलॅमिटी मुळातच नैसर्गिक असती तर 'नॅचरल' जोडायची गरज काय होती? गोंधळ बहुधा इथूनच सुरू झाला: 'नैसर्गिक आपत्ती' ही जोडी डोळ्यांपुढे इतकी येते की विशेषणच अर्थ होऊन बसलं. साहित्यात पाहा. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या तिसऱ्या अंकात पाद्री फ्रायर लॉरेन्स रोमिओला म्हणतो, तुझं लग्न कॅलॅमिटीशी लागलं आहे. तिथे ना गारपीट, ना पूर. खून झालेत आणि हद्दपारीची शिक्षा. अमेरिकी इतिहासलेखिका बार्बरा टकमन यांनी १९७८च्या 'अ डिस्टंट मिरर'च्या उपशीर्षकात चौदाव्या शतकालाच 'कॅलॅमिटस' म्हटलं; त्यात प्लेग आहे, तशी शंभर वर्षांची लढाई आणि पोपच्या गादीवरची फूटही आहे. इंग्रजी क्रिकेट समालोचनात तर गचाळ रन-आऊटही 'कॅलॅमिटस' असतो. शब्द हानी किती हे सांगतो, ती कुणी केली हे नाही.

'कॅटॅस्ट्रॉफिक'ची अदलाबदल मात्र जपून. मूळ ग्रीक अर्थ उलथणं. नाटकात 'कॅटॅस्ट्रॉफी' म्हणजे शेवटचं वळण, मग नाटक सुखान्त का असेना. शेक्सपिअरच्याच 'किंग लिअर'मध्ये एडमंड हे पात्र जुन्या कॉमेडीतल्या कॅटॅस्ट्रॉफीची उपमा देतो ती याच अर्थाने. अभियांत्रिकीत 'कॅटॅस्ट्रॉफिक फेल्युअर' म्हणजे अचानक आणि पूर्ण निकामी होणं, जसं बॉयलर फुटणं. तिथे 'कॅलॅमिटस' बसवलं तर पारिभाषिक अर्थच जातो. उलट लागोपाठ तीन वर्षं पाऊस हुकला, विहिरी आटल्या, जनावरं विकावी लागली, अशा साचत गेलेल्या हालांना 'कॅलॅमिटस' शोभतं.

मेसेजमधलं स्पेलिंगही चुकलंय, त्यात 'टी'नंतर जादा 'आय' आहे. 'कॅलॅमिटी'तला शेवटचा 'वाय' जातो आणि 'टी'नंतर थेट 'ओ-यू-एस' येतं. मध्ये 'आय' नाही. 'फेलिसिटी'चं 'फेलिसिटस' होतं तसंच. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, 'लॅ'वर.