‘जखमीला हात लावू नका’ हा मेसेज पुढे पाठवू नका

धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. महामार्गावर अपघात दिसला तर पोलीस येईपर्यंत जखमीला हात लावू नका, केस तुमच्यावरच येईल. पोलिसांच्या कागदाशिवाय दवाखाना पेशंट घेत नाही. फार तर पाणी पाजा, आणि रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर दोरी करकचून बांधा. चारही गोष्टी चुकीच्या आहेत. शेवटच्या दोन तर जीव घेऊ शकतात.

आधी केसची भीती, कारण लोकांचे पाय तिथेच अडतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला जो स्वखुशीने, चांगल्या हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करतो, त्याच्या हातून काही चुकलं आणि जखमी दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव, पत्ता, मोबाइल नंबर सांगण्याची सक्तीही करता येत नाही. साक्ष द्यायला तुम्ही स्वतःहून तयार झालात, तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा दुकानावर, आणि एकाच बैठकीत घ्यायचा असतो. मात्र ज्याच्या गाडीने धडक दिली, त्याला हे संरक्षण नाही. जखमीला उपचार मिळवून देणं हे त्याचं कलम १३४ खालचं कर्तव्यच आहे.

दवाखान्याचं म्हणणं तर त्याहून जुन्या काळातलं. परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी उपचार, कागद नंतर. पोलिसांना कळवण्याचं काम दवाखान्याचं, पोहोचवणाऱ्याचं नाही.

आता पाणी. रक्त गेलेल्या माणसाला तहान लागते, मे महिन्यात तर जास्तच, म्हणून बघणाऱ्याचा जीव तुटतो. पण शुद्ध हरपत चाललेल्याला गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असला तरी लगेच ऑपरेशन लागू शकतं, आणि भूल देताना भरल्या पोटातून उलटी झाली की तीच फुप्फुसात उतरते. ओठ ओले करा, अंगावर सावली धरा, बस.

दोरीचं नीट समजून घ्या. सुतळी किंवा नाडी बांधली की वरवरच्या शिरा दबतात, खोलवरची धमनी चालूच राहते; रक्तस्राव उलट वाढतो. कातडी आणि नसा कापल्या जातात ते वेगळंच. त्याऐवजी स्वच्छ रुमालाची घडी थेट जखमेवर ठेवून तळहाताने जोरात दाबा, मध्येमध्ये उचलून बघू नका. भिजला तर त्यावरच दुसरा ठेवा. काच किंवा पत्रा रुतलेला असेल तर काढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल, तेव्हाच शेवटचा उपाय म्हणून किमान चार सेंटिमीटर रुंद पट्टा, जखमेपासून पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा सोडून. काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायचा. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सैल करू नका.

मेसेजमधली एकच गोष्ट अर्धी खरी आहे: उगाच उचलू नये. चौघांनी हात-पाय धरून जखमीला काळी-पिवळीत टाकलं तर मोडलेला मणका मज्जारज्जूला इजा करतो. आग किंवा अंगावर येणारी वाहनं असतील तरच हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात रक्त किंवा उलटी असेल, तर डोकं, मान, धड एका रेषेत धरून कुशीवर वळवा. इथे श्वास मणक्याच्या आधी. श्वासच नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्या.

आणि १०८ ला सांगताना ‘पारोळ्याजवळ’ एवढ्यावर भागवू नका. किलोमीटरचा दगड, धुळ्याकडे जाणारी बाजू की जळगावकडे, किती जखमी, कोणी गाडीत अडकलंय का, हे सगळं सांगा, आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवू नका.