पंक्चरच्या दुकानातील अकरा नंबर

गेल्या आठवड्यात नांदगाव खंडेश्वरहून नेरकडे जाताना माझी गाडी पंक्चर झाली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, ऊन चढलेले, आणि बऱ्याच पायपिटीनंतर रस्त्याकडेला एका निंबाखाली पंक्चरचे दुकान दिसले. दुकानदार साठीच्या आसपासचे होते. त्यांच्या अंगात भारताच्या फुटबॉल संघाची निळी जर्सी होती आणि पाठीवरचा ११ हा आकडा धुऊन धुऊन अर्धा उडाला होता.

"छेत्रीचा नंबर ना, काका?" असे मी विचारताच ट्यूब घासणारा त्यांचा हात थांबला. इथे हा आकडा ओळखणारे कोणी भेटत नाही, असे ते म्हणाले. मग कळले की ६ जून २०२४ रोजी भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याचा निरोपाचा सामना पाहण्यासाठी हे गृहस्थ बडनेऱ्याहून जनरलच्या डब्यात बसून कोलकात्याला गेले होते. कुवेतविरुद्धचा तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पाचच दिवसांनी कतारने रेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला, आपण २-१ असे हरलो आणि विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर पडलो. हे सांगताना त्यांनी ओल्या बोटाने फरशीवर रेष ओढली आणि चेंडू कुठपर्यंत गेला होता, ते मला दाखवले. ती रेष वाळेपर्यंत ते तिच्याकडेच पाहत होते.

डिसेंबर २०२२ मध्ये मेस्सीच्या अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला तेव्हा आमच्या गावातील पोरांनी फटाके फोडले होते, त्यांत मीही होतो. त्या आनंदात काही गैर होते असे मला आजही वाटत नाही. पण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आपण सुवर्णपदक जिंकले आणि त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले, हे त्या पोरांपैकी एकालाही कोणी सांगितलेले नाही. २०१८ मध्ये मुंबईत भारताच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार लोक आले, तेव्हा शिव्या द्यायच्या तर द्या पण मैदानात येऊन द्या, अशी विनवणी खुद्द कर्णधार छेत्रीला करावी लागली होती. त्यानंतरच्या सामन्याची सगळी तिकिटे खपली. म्हणजे लोक येतात, त्यांना कोणीतरी हाक मारावी लागते. संघ चांगला खेळू लागला की आम्ही पाहू, हे आपले नेहमीचे उत्तर मला आता पटत नाही, कारण कोणी पाहतच नसेल तर गावातल्या पोराला तो खेळ निवडावासा तरी का वाटेल?

मी काकांना विचारले, सतत हरणाऱ्या संघामागे इतका जीव का टाकता?

"मेस्सीले पाहाले सारं जग हाय, भाऊ. आपल्या पोरायले कोन पाहीन?"

एवढे बोलून त्यांनी ट्यूब पुन्हा घमेल्यातील पाण्यात दाबली आणि बुडबुडा येतो का, ते वाकून पाहू लागले. निघताना मी त्यांचा फोन नंबर घेतला आहे. भारताचा पुढचा सामना आमच्या ग्रामपंचायतीसमोर पडदा लावून दाखवायचा, असे आम्ही चौघांनी ठरवले आहे, आणि काकांना आणायला मी स्वतः जाणार आहे.