जुनी सायकल बघायला जा, पण अंधार पडल्यावर

कामावर जायला जुनी सायकल घ्यायची ठरवलीत ना? मग बघायला संध्याकाळी सातनंतरच जा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच मिणमिणता बल्ब असावा आणि मालकाने नुकतंच ओलं फडकं मारलेलं असावं. दिवसाउजेडी गेलात तर नजर नको तिथे जाते. खालचा पाइप हँडलच्या नळीला जिथे जुळतो, तिथे रंगाला सुरकुती दिसते. म्हणजे सायकल समोरून कशावर तरी आदळलीय आणि पाइप दबलाय. अशी फ्रेम ठोकून सरळ केली तरी तिचा भरवसा नाही. पण ‘लॉकडाउनमध्ये घेतली, दोनदाच चालवली’ हे ऐकल्यावर कोण वाकून बघतंय!

गिअर मात्र मोजा. एकवीस निघाले की सौदा पक्का. पंचवटीतून सातपूरला जाताना अहिल्यादेवी होळकर पूल ओलांडला की रविवार कारंजाकडे चढ लागतो. नऊ शिखरांवरून नाशिक हे नाव पडलं असं सांगतात, ते तिथे मांड्यांना पटतं. या चढाला दोन-तीन हलके गिअर धड पडले तरी पुरतात, पण तुम्ही एकविसावर खूश राहा.

चेनला मोजपट्टी लावण्याचा आगाऊपणा करू नका. एक पिन शून्यावर धरली तर पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. १/१६ इंच पुढे सरकली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ इंच सरकली असेल तर मागच्या फ्रीव्हीलचे दातेही त्या चेनबरोबर झिजलेले असतात. मग नुसती नवी चेन टाकली की ती ऐन चढावर, तुम्ही उभं राहून पायडल मारताना, दात्यावरून उडी मारते. गुडघा हँडलवर आपटतो तो तेव्हाच.

चाक उचलून फिरवणं, रिम ब्रेकच्या रबराला कुठे घासते ते बघणं, हे मिस्त्रीचं काम. थोडा आउट, म्हणजे चाकाची डगमग, स्पोकच्या चावीने निघतो, रिमच दबली असेल तर निघत नाही. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, धरून आडवा हलवायचा मोह आवरा. खटखट वाजला तर त्याला धरून ठेवणारी कॉटर पिन सैल किंवा आतले कप-छर्रे गेलेले, आणि विकणाऱ्याचा चेहरा पडलेला बघवत नाही.

टायर ‘सव्वीसचा’ आहे एवढं कळलं की पुरे. २६ × १ ३/८ इंची टायरची रिम ५९० मिलिमीटरची आणि २६ × २.१२५ ची ५५९ ची. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही, हे दुकानात नवा टायर घेऊन आल्यावर कळण्यात जास्त मजा आहे. स्टीलची चकचकीत रिम असेल तर सोडूच नका. कोरडी असताना ती झकास थांबते. आषाढात भिजली की ब्रेक दाबून पुढच्या चौकापर्यंत विचार करायला वेळ मिळतो.

उंचीचं काय एवढं? नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली सायकलवर रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तुम्हाला सातपूर जड जाईल? त्यांच्या सायकली त्यांच्या मापाच्या होत्या, हा किरकोळ तपशील. दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर आडव्या दांडीपासून दोन-तीन बोटं जागा उरते का, टाच खालच्या पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ होतो का, असलं काही तपासू नका. सीटचा पाइप गंजून फ्रेममध्ये अडकलाय का, हेही नको. तो अडकलेलाच असतो.

शेवटी पैसे रोख द्या. पावती मागणं म्हणजे अविश्वास. सायकल उलटी करून पायडलच्या नळीखाली ठोकलेला फ्रेम नंबर उतरवून घेणं तर त्याहून वाईट. मग मनगटभर साखळीऐवजी करंगळीएवढी वायर घ्या, ती फक्त पुढच्या चाकातून ओवा आणि बसस्टँडबाहेर निर्धास्त लावा. संध्याकाळी चाक तिथेच असेल. पोलीस चौकीत फ्रेम नंबर विचारतील तेव्हा सांगा, ‘साहेब, निळी होती.’