खुर्चीवर टॉवेल, माणूस गायब
मोठ्या क्रूझवर भल्या सकाळी पोहण्याच्या तलावाशी जाऊन बघा. पाण्यात चिटपाखरू नाही, पण काठावरच्या आरामखुर्च्या सगळ्या भरलेल्या. कशाने? टॉवेलांनी! एकीवर चप्पल, दुसरीवर कधीच न उघडलेलं पुस्तक. मालक मंडळी भरपेट नाश्ता करून, वर एक डुलकी काढून, उन्हं चढल्यावर उगवणार. बराच वेळ खुर्ची रिकामी राहिली तर सामान उचलू, अशी पाटी असते. उचलतंय कोण? कर्मचारी बिचारे बघून न बघितल्यासारखं करतात. सुट्टीवर आलेल्या माणसाशी कोण वाद घालणार! आणि आम्ही ओली पोरं घेऊन जिन्याच्या पायरीवर.

२०२४मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या क्रूझवर ७ तलाव आहेत आणि ६ घसरगुंड्या. छान. पण प्रवासीही ७ हजारांच्या वर मावतात, त्याचं काय? जाहिरातीत बरं प्रत्येक घसरगुंडीवर एकटंच पोरगं हसत येतं.

मुलांचे क्लब तर वयानुसार वाटलेले. थोरली एका खोलीत, धाकटा दुसऱ्या खोलीत. घसरगुंडीशी उंचीची पट्टी. धाकटा दोन बोटं कमी भरला की रडारड आपल्या पदरात. (नियम बरोबरच आहे, पण तो रांग संपल्यावर का सांगता?) रात्रीच्या शोच्या जागा बोटीवर पाऊल ठेवण्याआधीच ॲपवर संपलेल्या.

याला म्हणे कुटुंबासोबतचा निवांत वेळ! आई एका रांगेत, बाप दुसऱ्या रांगेत, आणि बोट दिवसभर समुद्रात, बंदरही नाही की उतरून जावं.