मधूनच बंद पडणारी पिकअप आणि ‘पंप गेला’चा फॉरवर्ड

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: जुनी डिझेल गाडी चालता चालता बंद पडली आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, तर पंप (इंजिनला दाबाने डिझेल पुरवणारा) गेला असं समजा. डिझेल कुठे गळत नसेल तर एअरचा, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरण्याचा, प्रश्नच नाही. उन्हाळ्यात पाइपात डिझेलची वाफ होते, तिथे ओलं फडकं गुंडाळा. कॉमन रेल (संगणकावर चालणारी डिझेल यंत्रणा) असेल तर स्कॅनर (गाडीतल्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) लावा, कोड (दोषाचा क्रमांक) नसेल तर सेन्सर ठीक. टाकीत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं इंजिन ऑइल) घाला. आणि शेवटी, सगळे पार्ट एकदाच बदला, कटकट मिटते.

माझं नाशिकला पंप-नोझलचंच दुकान आहे. हा मेसेज जितका फिरेल तितकी माझ्या बेंचवर (पंप तपासायच्या मशीनवर) रांग वाढेल. पण चांगला पंप खोलून, धुऊन, नवे सील टाकून परत द्यायचा, आणि चार दिवसांनी ड्रायव्हरने त्याच तक्रारीसाठी दारात उभं राहायचं, यात कुणाचंच भलं नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘बंद पडून परत सुरू झाली, म्हणजे पंप गेला.’

पंप जातो म्हणजे काय होतं, ते आधी बघू. आतला एलिमेंट किंवा हेड-रोटर (दाब तयार करणारा भाग) झिजतो, फट वाढते, दाब बनायच्या ऐवजी डिझेल आतल्या आत निसटतं. एकदा झिजलेला धातू चहा पिऊन होईपर्यंत भरून येत नाही. अशी गाडी महिनोन्‌महिने लक्षणं दाखवते. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो, भरलेल्या गाडीला दम राहत नाही, धूर बदलतो. काल ठणठणीत, आज राहुड घाटात बंद, आणि पाऊण तासाने चांदवडला परत ठणठणीत, असा खेळ झिजलेला पंप सहसा करत नाही.

मग त्या दहा मिनिटांत बदलतं काय? मुख्यतः तीनच गोष्टी. टाकीतल्या सक्शन पाइपाच्या तोंडाला चिकटलेला कचरा, ओढ थांबल्यावर सुटून खाली बसतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असेल तर टाकीत तयार झालेली पोकळी हळूहळू भरते. आणि तापलेला एखादा विजेचा जोड, रिले (करंटवर चालणारा स्विच), सॉलेनॉइड (करंटवर चालणारी झडप) किंवा सेन्सर थंड होऊन परत पकडतो. तिन्हींपैकी एकही गोष्ट पंपाच्या पोटातली नाही.

यातली कुठली, हे गाडी बंद कशी पडली त्यावरून अर्धं कळतं. त्यामुळे माझा ड्रायव्हरला पहिला प्रश्न ‘किती वेळा पडली’ हा नसतो, ‘कशी पडली’ हा असतो. झटके खात, दम सोडत, पॅडल दाबलं तरी मरत मरत बंद झाली तर डिझेल पोचत नाहीये. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गप्प झाली तर आधी वायर बघायची.

रोटरी पंपावर (फिरत्या रोटरने डिझेल वाटणारा पंप) साधारण अंगठ्याएवढं एक स्टॉप सॉलेनॉइड असतं. चावी ऑन केली की ‘टक्’ असा आवाज येतो, तो त्याचाच. त्याला १२ व्होल्ट मिळत आहेत तोवर डिझेलची वाट उघडी राहते. करंट गेला की आतली स्प्रिंग वाट बंद करते. म्हणजे इग्निशन स्विचचा पॉइंट जळालेला असो, फ्यूजबॉक्सची पिन ढिली असो की इंजिनवरून जाणारी वायर कातडं सोलून बॉडीला घासत असो, परिणाम एकच: पंप एकदम नवा असला तरी गाडी बंद. (केबल ओढून बंद करायच्या जुन्या गाड्यांना हा मुद्दा लागू नाही.)

हे पकडायला स्कॅनर लागत नाही. सॉलेनॉइडच्या टर्मिनलवरून एक लांब वायर केबिनमध्ये आणायची, डॅशबोर्डवर १२ व्होल्टचा छोटा बल्ब चिकटवायचा, त्याचं दुसरं टोक अर्थला. चालताना बल्ब पेटलेलाच राहणार. गाडी मरायला लागली की ड्रायव्हरने फक्त बल्बकडे बघायचं. इंजिन मरतंय आणि बल्बही विझला किंवा लुकलुकला, तर दोष विजेचा. बल्ब लखलखीत आणि इंजिन मरतंय, तर डिझेलची लाइन बघा. तेवढ्यासाठी हजारो रुपयांचा पंप उतरवायचा की आधी बल्ब लावायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता मेसेज लिहिणाऱ्याची बाजूही सांगतो. रोटरी पंप जास्त झिजला असेल तर एक ठरावीक त्रास होतो: गरम गाडी बंद केली की लगेच परत सुरू होत नाही. गरम डिझेल पातळ होतं, वाढलेल्या फटीतून निसटतं आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांवर दाब तयार होत नाही. अशा वेळी इंजिन बंद असतानाच पंपाच्या हेडवर ओलं फडकं थोडा वेळ ठेवलं आणि गाडी लागली, तर पंपावर संशय घ्यायला जागा आहे. पण ही ‘बंद केल्यावर लागत नाही’ची तक्रार झाली, ‘चालता चालता बंद पडते’ची नव्हे. मेसेजने दोन्ही एकाच पोत्यात भरल्या आहेत.

‘पण पंप बदलल्यावर माझी गाडी नीट झाली!’

हा मेसेजखालचा आवडता पुरावा. पंप उतरवून बसवताना मेकॅनिक आणखी काय काय करतो ते बघा. सगळे बॅन्जो बोल्ट (डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) खोलतो आणि तांब्याचे नवे वायसर (वॉशर) टाकतो. फिल्टर बदलतो. सॉलेनॉइडची वायर काढून, टर्मिनल घासून परत लावतो. सगळी एअर काढतो. दोष या चारांपैकी कशातही असला तरी तो गेला, किंवा काही दिवसांपुरता दबला, आणि श्रेय मात्र पंपाला. गाडी नीट चालत असताना बदललेला पार्ट काहीच सिद्ध करत नाही. मधूनच येणारा दोष तो हजर असतानाच पकडावा लागतो.

‘डिझेल गळत नाही, म्हणजे एअर घेत नाही.’

नेमकं उलट. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाइप हा ओढणारा भाग आहे. तिथे चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. नारळपाण्याच्या स्ट्रॉला वर बारीक भोक पडलं तर पाणी सांडत नाही, नुसती हवा तोंडात येते, तसंच. गळती दिसली असती तर उलट बरं झालं असतं. कुणीही बोट ठेवून दाखवलं असतं. जुबली क्लिपखाली (पाइप आवळायची पट्टी) कडक झालेला रबरी पाइप, पुन्हा पुन्हा वापरलेले वायसर, हॅंड प्रायमरचं (हाताने दाबून डिझेल ओढायचा पंप) झिजलेलं सील, चासीला घासून पातळ झालेला लोखंडी पाइप ही नेहमीची ठिकाणं.

तपास सोपा आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप टाका. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालतो; बुडबुड्यांची माळ थांबतच नसेल तर एअर आहे. गाडी बंद पडल्या पडल्या हॅंड प्रायमरही बरंच सांगतो. दाबला आणि लगेच कडक लागला तर डिझेल भरलेलं आहे. किती दाबला तरी पोकळच लागतो, तर लाइनमध्ये हवा आहे. आणि दाबल्यावर वर यायलाच तयार नसेल तर टाकीच्या बाजूने वाट चोक आहे.

टाकीचा संशय असेल तर झाकण तिथल्या तिथे उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर दोष झाकणाचा, भोक साफ करा. हवा गेली नाही, तर पाच लिटरचा कॅन घ्या, गाळलेलं डिझेल भरा, सायलेन्सरच्या गरम पाइपापासून लांब पक्का बांधा आणि सक्शनचा पाइप थेट त्यात सोडा. रिटर्नचा पाइपही (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) त्याच कॅनमध्ये हवा. तो विसरलात तर कॅनमधलं डिझेल गपचूप टाकीत जाईल आणि गाडी नव्या कारणाने बंद पडेल. नेहमी बंद पडायची त्याच रस्त्याला, तेवढाच माल भरून न्या. कॅनवर बिनबोभाट चढली, तर दोष टाकीत किंवा टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपात कुठेतरी आहे.

रस्त्यावरचे काही जण सक्शन पाइपात उलटी हवा मारतात आणि गाडी पळायला लागते. अडलेल्या वेळी ठीकच. पण तो कचरा टाकीतच परत गेलाय, टाकी पाव भरलेली असताना पुढच्या चढाला पुन्हा तोंडाशी येणार. टाकी उतरवून धुतल्याशिवाय सुटका नाही.

‘उन्हाळ्यात डिझेलची वाफ होते.’

पेट्रोलची होते. डिझेल साधारण १६० ते ३६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं. बॉनेटखालचा डिझेलचा पाइप इतका तापला तर तुमची अडचण गाडी बंद पडण्याच्या कितीतरी पुढे गेलेली असेल.

‘कोड नाही, म्हणजे सेन्सर ठीक.’

कॉमन रेल आलेल्या पिकअपही आता जुन्या झाल्या, त्यामुळे हा मुद्दा वाढत जाणार. क्रॅंक सेन्सर (इंजिनच्या फेऱ्या मोजणारा) गरम झाल्यावर त्याच्या आतलं वाइंडिंग तुटतं, थंड झाल्यावर परत जोडलं जातं. सिग्नल गेला की ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) इंजिनच्या फेऱ्या शून्य दिसतात, आणि इंजिन थांबलंय असं त्याने धरलं तर कोड कशाला टाकेल? म्हणून कोडची यादी वाचून भागत नाही. गाडी गरम असताना बंद पडली की तिथेच स्कॅनरचा लाइव्ह डेटा उघडा आणि सेल्फ मारा. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर फेऱ्या शून्य, तर सेन्सर, त्याचा कनेक्टर किंवा वायर. फेऱ्या दिसत आहेत पण रेलचा (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारी नळी) दाब चढत नाही, तर डिझेलची बाजू.

उलट चूकही तितकीच होते. पी ००८७ हा कोड आला की ‘हाय-प्रेशर पंप टाका’ असं सांगणारे आहेत. तो कोड फक्त रेलचा दाब कमी आहे एवढंच सांगतो. चोक फिल्टर, सक्शनमधली एअर आणि रिटर्नला जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग), तिघंही तोच कोड आणतात.

‘टू-टी ऑइल घाला, नव्या डिझेलने पंप कोरडा पडतो.’

यात थोडं तथ्य आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे नियम) डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर (दहा लाखांत १० भाग) आलं, आणि गंधक काढायच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा वंगणपणाही कमी होतो. पण म्हणूनच आयएस १४६० या डिझेलच्या भारतीय मानकात वंगणक्षमतेची मर्यादा घातलेली आहे (चाचणीत झिजेचा व्रण ४६० मायक्रॉनच्या आत) आणि ती राखायला कंपन्या डिझेलमध्ये घटक मिसळूनच देतात. तरी कुणाला ऑइल घालायचंच असेल तर घालू दे. चोक झाकण, तुटकी वायर आणि फाटका पाइप ऑइलने जुळत नाहीत. रॉकेल मिसळलेलं डिझेल मात्र पंप खरोखर खातं, पण त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

‘सगळे पार्ट एकदाच बदला.’

पंप, चार नोझल, फिल्टर, सेन्सर, रिले एका दिवशी बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कुणालाच कळत नाही. नाही सुधारली, तर डुप्लिकेट निघालेला नवा सेन्सर आणि जुना दोष असे दोन प्रश्न एकदम समोर. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिन-चासीची अर्थची पट्टी मात्र जरूर साफ करा, त्याला खर्च नाही. सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर आधी अर्थ नीट करा.

एवढं करूनही बोट पंपाकडेच गेलं तर जरूर पंप उतरवा आणि आमच्यासारख्याकडे आणा. फक्त दुकानात पाय ठेवताच एक सांगा: पंप खोलायच्या आधी, जसा आला तसा बेंचवर चढवा आणि सेल्फच्या, आयडलच्या आणि पूर्ण फेऱ्यांवरची डिलिव्हरी (पंप किती डिझेल देतो ते) कागदावर लिहून द्या. ती त्या पंपाच्या टेस्ट प्लॅनमधल्या (पंपाने किती डिझेल द्यायला हवं त्याचा तक्ता) आकड्यांशी जुळवा. आकडे बसत असतील तर टेस्टिंगचे पैसे द्या, पंप तसाच परत न्या आणि बल्ब लावा. खोलल्यानंतर मात्र तो आधी कसा होता हे बेंचही सांगू शकत नाही.